पेन्सिलीतलं नाव

वाळूत राळ मिसळूनच येते. पेटी तापलेली असते.
मी भरते, मोजते, उघडते,
पाण्याच्या पंपाचं पोट हातमोज्यावर उतरतं,
पिवळं, खारीसारखं भाजलेलं.
कानशीनं कडा काढायच्या,
तारेनं श्वासाची भोकं मोकळी करायची,
काळा लेप देऊन फळीवर मांडायचं.
एका पाळीला तीनशे वीस.

कोअर म्हणतात त्याला.
धाकटी विचारते, तू काय करतीस गं कारखान्यात?
लोखंड करतीस?
न्हाई. लोखंडानं जिथं जायचं नाही
ती जागा करते.

ओतून निवलं की मशीन सगळं हादरवतं.
माझी वाळू भुगा होऊन खाली पडते
आणि आत उरतं ते पोकळ,
ज्यातून कुणाच्यातरी ट्रकचं पाणी फिरणार.
बाहेरून कंपनीचं नाव उठलेलं असतं. आतून काही नाही.

वडगावात आई मागासाठी कांड्या भरायची,
लुगड्यावर तिचंही नाव नसायचं.
मी अनगोळ ओलांडून उद्यमबागेत आले,
एवढाच फरक.

लुमाण्णा भट्टीवर. डाव्या भुवईला केस नाहीत,
एका उडालेल्या थेंबानं नेले.
पगाराच्या संध्याकाळी सायकल स्टँडच्या कठड्यावर
युनियनचं पावतीपुस्तक मांडीवर घेऊन बसतो.
मी वीस रुपये ठेवले.
त्यानं नोट बघितली, मला बघितलं.
"ठेकेदाराकडची तुम्ही. घटनेत बसत न्हाई."
मी नोट उचलली नाही.
मागं सायकलींची रांग खोळंबली, कुणी घंटी मारली.
मग त्यानं कानामागची पेन्सिल काढली
आणि पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर लिहिलं:
मथुरा भातकांडे, कोअर शॉप. खाली तारीख.
"पेन्सिलीचं पुसतंय की ओ," मी म्हटलं.
"शाईचं भिजतंय," तो म्हणाला.

दिवाळीपर्यंत त्या पानावर अकराजणी झालो.
पैसे वेगळे, तंबाखूच्या डब्यात.

तंगेव्वाचा हात पेटीत अडकला त्या दिवशी
ठेकेदारानं लिहून घेतलं, घरी चुलीवर पडली.
"बिद्दिल्ला," ती म्हणत राहिली रिक्षाभर,
पडले नाही, पडले नाही.
डॉक्टरला मी मराठीत सांगितलं,
नर्सला तिनं कानडीत,
कागदावर तरी चूलच राहिली.
मलमपट्टी डब्यातल्या पैशांतून झाली.
नोटांना तंबाखूचा वास होता.

त्या महिन्याच्या सभेत कायमवाले भांडले.
आज पावती मागतात, उद्या आपली जागा मागतील.
कुणी म्हणालं, बायकांना युनियन कशाला.
लुमाण्णानं भाषण केलं नाही.
त्यानं शेवटचं पान उघडून
नावं वाचली, अकरा, सावकाश,
जशी हजेरी घेतात.
मग हात वर झाले. मोजले. पुन्हा मोजले.
एकोणतीस. विरुद्ध सव्वीस.

माझी पावती दोनशे चौदा नंबरची.
वर कानडी छपाई, खाली मराठी,
मधल्या रेघेवर मी, निळ्या शाईत,
आणि कार्बनखाली आणखी एकदा मी, जरा पुसट.
तंगेव्वानं उलट्या हातानं सही केली,
अक्षरं चढण चढल्यासारखी.

बाकी काय. अजून तीनशे वीसच आहेत.
ठेकेदारानं मला पंख्यापासून लांबची पेटी दिली,
तिथं राळेचा धूर डोळ्यांत बसतो.
लेबर ऑफिसची तारीख दोनदा पुढं गेली.

परवा मी लुमाण्णाला खोडरबर दिलं,
धाकटीच्या कंपासातलं.
म्हटलं, ते शेवटचं पान आता साफ करा,
नवीन कुणी आली तर जागा होईल.
त्यानं रबर खिशात टाकलं, पान मिटलं.
"राहू दे," म्हणाला,
"पेन्सिलीतली तारीख आधीची आहे."