जात: ?

दोनापावलला, संस्थेच्या तळमजल्यावर
मी बरण्यांची लेबलं लिहितो. पेन्सिलीनं.
शाई फॉर्मलिनमध्ये उतरते, नाव पाण्याला जातं.

अटोला. पेरिफिला.
मेंदू नाही, हाड नाही, डोकंच नाही,
मुकुट मात्र आहे:
घंटेभोवती फिरलेली एक खोल खाच.

'पडदा ओढ रे, कायतान,' शिरवईकर मॅडम ओरडतात.
हा लाल रंग उजेडात विष होतो म्हणे.
हजार मीटर खाली तो काळाच,
म्हणजे नसल्यासारखा.

अटोलाला कुणी धरलं की ती निळी पेटते, गोल गोल.
वाचवा म्हणून नव्हे.
खाणाऱ्याला खाणारा कुणी यावा म्हणून.

घरी हे सांगितलं तेव्हा
आईचा कोयता बांगड्यावर थांबला.
'झार न्हय रे ती?
तुझो बापूय जाळ्यांतल्यान झाडून उडयतालो.'
मग पुन्हा खसखस.

तिसऱ्या बरणीत कोण आहे, कुणालाच ठाऊक नाही.
लेबलावर रकाना आहे, जात,
शाळेच्या दाखल्यावर होता तसाच.
तेव्हा मास्तरांनी मला न विचारताच भरला होता.

मी पेन्सिलीला टोक काढलं.
प्रश्नचिन्ह केलं, जरा मोठंच.
बरणी उचलताना आतला मुकुट
एका बाजूला कलला.