देझ्योच्या मिरचीच्या शेतात

माझ्या अंगणातून तो चंद्राला चुकवून जाणार होता,
केसाएवढ्या अंतरानं.
तीनदा आकडेमोड केली, कागदाला नाक लावून,
तिन्ही वेळा उत्तर तेच:
चारशे पावलं पूर्वेला जा, एतेल्का.
आणि पूर्वेला चारशे पावलांवर
देझ्योचं मिरचीचं शेत.

एकोणीस वर्षं आम्ही बोललो नव्हतो.
अक्रोडाचं एक झाड. मुळं माझ्याकडे, सावली त्याच्याकडे,
आणि फळं पडायची ती नेमकी बांधावर.
झाड कधीच वठलं,
अबोला हिरवाच राहिला.

रात्री दोनला दार वाजवलं.
तो बॅटरी घेऊन आला, दोन पायांत दोन तऱ्हेचे बूट.
म्हटलं, तुझ्या शेतात दुर्बीण लावायचीय.
एक मेलेला उपग्रह चंद्रावरून जाणार आहे,
त्याच्या कॅमेऱ्याचं भिंग मी घासलंय,
बुडापेस्टच्या कारखान्यात, सात महिने,
बोटांच्या पेरांवरच्या रेषा पुसून जाईस्तोवर.
"किती वेळ दिसेल?"
अर्धा सेकंद.
त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं,
मग तिपाई खांद्यावर घेतली.

मिरच्या खुडून झालेल्या, नुसती खोडं उभी.
तिपाईचा एक पाय ओल्या मातीत सारखा खचत होता.
देझ्योनं खिशातून मोडकं बिजागर काढलं,
दोनच्या रात्री ते त्याच्या खिशात कशाला होतं, देव जाणे,
आणि पायाखाली सरकवलं.

मग मला सांगावंच लागलं:
डावा डोळा गेलेला, उजव्यात मोतीबिंदू.
चंद्र मला भिजल्या कणकेच्या गोळ्यासारखा दिसतो.
बघायचं तुला आहे.

तो वाकला.
वरच्या काठाशी बघ, म्हटलं, त्या मोठ्या विवरापाशी,
दुर्बिणीत चंद्र उलटा असतो.
पापणी लववू नकोस.
रेडिओ कानाशी धरून मी ठोके मोजू लागले,
छत्तीस, सदतीस, अडतीस,

"हत्!" देझ्यो जागचा न हलता म्हणाला,
"माशी आडवी आली मध्येच.
गेली. हं, आता येऊ दे तुझं ते."

कसली माशी?
"काळी. पंख पसरलेली.
सरळ गेली, कुठंही न टेकता,
कामाला उशीर झाल्यासारखी."

मी रेडिओ बंद केला.
तो तसाच, गुडघ्यांवर हात, एक डोळा घट्ट मिटलेला,
मानेवर दव.
थंडी वाजतेय का रे, मी विचारलं.

"गप," तो म्हणाला, "हुकेल."