तवसं

पानांखाली राहिलेली काकडी
कोवळी असताना कुणालाच दिसली नाही.
सापडली तेव्हा जून, पिवळी, सालीवर जाळी धरलेली,
कन्नमवार नगरच्या आमच्या तळमजल्यामागे
सांडपाण्याच्या पाइपाला टेकून
खुशाल आडवी.
निनादने ती दोन्ही हातांत घेऊन आणली,
मानेखाली तळवा धरून,
नर्सबाईंनी शनिवारी बाहुलीवर शिकवलं तशी.

मोबाइल दर सोमवारी बाळाएवढं एक फळ दाखवतो.
सोळाव्या आठवड्यात अव्होकाडो होता.
आम्ही दोघांनीही तो कधी खाल्लेला नाही.
तेव्हापासून मागच्या अंगणातच मोजतो,
दोडका, मग वांगं
(किडकं नको, म्हणाला, दुसरं धर)
आणि आता हे तवसं, एक किलो नऊशे.
सोनोग्राफीच्या कागदावर एक किलो आठशे साठ.
काकडी चाळीस ग्रॅमनी पुढे.

त्याच कागदावर बोट ठेवून डॉक्टर म्हणाल्या होत्या,
डोकं अजून वर आहे. जागा आहे, फिरेल.
नाही फिरलं तर बघू.
मयेकर काकू मात्र खूश. पायाळू!
पायाळू माणसाला जमिनीतलं पाणी कळतं,
विजेला तेवढं जपायचं.
निनाद म्हणाला, विक्रोळीत जमिनीतलं कशाला,
नळाला किती वाजता येणार एवढं सांगितलं तरी
अख्खी इमारत पाया पडेल.

बाळाचं म्हणून आधी काही आणायचं नाही,
ही देवगडहून आईची ताकीद.
माझ्या जुन्या ओढण्यांची दुपटी शिवली आहेत,
पण मोजलेली नाहीत.
म्हणून ओव्हन आणला.
ओव्हन बाळाचा आहे असं कोण म्हणेल?
तिसऱ्या मजल्यावरच्या डिमेलो मावशींचा, जुना,
डावीकडे करपवतो, उजवीकडे कच्चं ठेवतो.
अर्ध्यावर भांडं फिरव, त्यांनी दोनदा बजावलं.

धोंडसाला रवा किती, आईला फोनवर विचारलं.
मावेल तेवढा.
गूळ?
चाखून बघ.
किती वेळ ठेवू?
आम्ही झाकणावर निखारे ठेवायचो, घड्याळ नव्हे.
झालं ते कळणार कसं?
वास येतो.
किसाचं पाणी फेकू नकोस, त्यातच रवा शिजव.
मग मी, किसणी धुता धुता, सहज विचारल्यासारखं,
आणि कळा? त्या कशा कळतात?
पलीकडे कुकरची एक शिट्टी होईपर्यंत ती गप्प.
कळतं, म्हणाली.
आणि फोन ठेवता ठेवता,
तूही उलटीच होतीस. आठवा सरेपर्यंत.
तीस वर्षांत हे ती पहिल्यांदा बोलली.

भांड्याच्या तळाला हळदीचं पान,
तेही मागचंच. पुढच्या वर्षी ते असणार नाही.
पुनर्विकासाची नोटीस जिन्यात लागली आहे,
त्यावर कुणीतरी दूधवाल्याचा हिशेब केलाय.

वीस मिनिटांनी निनादने फडक्याने भांडं धरलं
आणि डावीकडचं उजवीकडे केलं.
मी पोटावर हात ठेवून बघत होते.
एवढंच तर करायचंय, मी आतल्याला म्हटलं.
आतून उचकी लागली,
टिक, टिक, टिक,
बरगडीखाली, होती तिथेच.

वास आला.
आईने कुठला म्हणून सांगितलं नव्हतं, तरी आम्ही दोघं एकदम उठलो,
मी जरा उशिरा, टेबलाचा आधार घेऊन.
ताटात उलटं पाडलं तर अर्धं आलं,
अर्धं पानाला धरून बसलं.
खरवडून खाल्लं, उभ्यानेच,
करपलेली कड आधी.

बिया त्याने राखेत चोळून वर्तमानपत्रावर पसरल्या.
पुडीवर काय लिहू, विचारलं.
तवसं लिही, म्हटलं. आणि तारीख.
कुठे लावायचं ते?
ते नको लिहूस अजून.