मुदत

पितळी व्हॉल्व्ह, दीड इंची. यादीत भाव चार रियाल
सातशे पन्नास बैसा.
बिलावर छापून येतात तीन रियाल एकशे पंचवीस,
एकाच गिऱ्हाइकाला. बाकी सगळ्यांना बरोबर.
वर्गीससाहेबांची तक्रार एका ओळीची :
सिस्टिम चुकते आहे, तातडीचं.

सोहारला पोचले तेव्हा गोदामाच्या पत्र्यावर
दुपारचे दोन तडतडत होते.
गाडीतून उतरताच चष्म्यावर दमट हवेची साय.
हमूदनं करक चहाचा कागदी कप पुढे सरकवला
आणि स्वतःची खुर्ची दिली.

सिस्टिम चुकत नाही. ती ऐकते, आणि क्रमानं ऐकते.
आधी विचारते : या माणसाचा या वस्तूशी काही खास ठराव?
नसेल तर त्याच्या गटाचा भाव. तोही नसेल तर यादी.
पहिल्याच दारात कुणी ओ दिली
की पुढची दारं ती वाजवत नाही.
मी एकेक पायरी उघडत गेले. कर, वाहतूक,
रुपयाच्या सवयीनं कुणी दोनच दशांश ठेवलेला एक जुना कोपरा
(तो जाता जाता नीट केला, बैशांना तिसरं घर लागतं)
आणि सापडली नोंद.

ग्राहक : खलफान, सहम, नावांची इंजिनं दुरुस्ती.
नोंद करणारा : याकूब परकार.
पासून : अकरा वर्षांपूर्वीचा जून.
पर्यंत : एकतीस डिसेंबर, नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव.

आमच्या गावाबाहेर बांधावर एक दगड आहे.
वर चंद्र, वर सूर्य, मधे झिजलेल्या ओळी :
ही जमीन अमक्याला दिली, सारा माफ,
यावच्चंद्रदिवाकरौ.
आणि जो मोडेल त्याच्यासाठी खाली गाढव कोरलेलं;
ते काय करतंय, लहानपणी आम्हांला कुणी सांगत नसे.
परकारांनी चंद्रसूर्य चार नवांत बसवले होते.
गाढव तेवढं राहिलं.

परकार कोण, विचारलं.
"दाभोळला गेले परत. गुडघे," हमूद म्हणाला,
आणि भिंतीवरची मातकट रेघ दाखवली,
माझ्या कानाइतकी उंच.
त्या रात्री वादी फुटून आली होती.
खलफान सहमहून नाव घेऊन आला, इथे पोचेस्तोवर इंजिन बंद,
शेवटची गल्ली बांबूनं ढकलत.
परकार पत्र्यावर बसलेले, मांडीवर सर्व्हर,
स्वतःच्या लुंगीत गुंडाळून
बाळंतिणीनं बाळ धरावं तसा.
हमूदचा बाप तेव्हा राखणीला, त्यानं पाहिलेलं.
म्हणजे ज्या डब्यात हा भाव आहे
तो डबाच त्या नावेतून आला.
खलफाननं काही मागितलं नाही.
पुढच्या आठवड्यात ही नोंद.

वर्गीससाहेबांना फोन लावला. "मंजुरी कुणाची?"
मंजुरीचा रकाना रिकामा.
बराच वेळ नुसता त्यांचा एसी ऐकू आला.
मग म्हणाले, या वर्षअखेरपर्यंत असू द्या,
जानेवारीत मी स्वतः सहमला जातो.
कारण मात्र लिहा. ऑडिटवाले विचारतात.

कारणाला जागा चाळीस अक्षरांची.
आणि हे यंत्र काना, वेलांटी, मोडलेला पायसुद्धा
सुटा मोजतं.
माझं पहिलं वाक्य परकारांपाशीच संपलं.
दुसऱ्यात पूर बसला, माणूस राहिला.
हमूद मागे उभा, मराठी येत नसताना
आकडा घटताना बघत होता.
शेवटी :

नाव. सर्व्हर. पूर. हमूदला विचारा.

तेहतीस. सात जागा उरल्या.
गाढव चारात मावतं.
कर्सर थोडा वेळ तिथेच लुकलुकू दिला,
मग जतन केलं.