जरा डावीकडे

तिसऱ्या मजल्यावर लोरिन्त्सला ती दिसली:
हिरवी, जिवंत.
शेजारच्या रक्तवाहिनीचं वळण पेन्सिलीनं काढून
तो चिठ्ठी खाली धाडतो.

तळघरात बोग्लार्काच्या चिमट्यात
ऑस्मियमनं काळा पडलेला राईएवढा तुकडा.
हिरवं केव्हाच विझलंय.

हिऱ्याची सुरी. पाण्यावर रुपेरी काप.
श्वास रोखून ती त्यांना वळवते
काडीला चिकटवलेल्या पापणीच्या एका केसानं.

बाहेर टिसा नदीवर धुकं. पहाटे तीनला
वळण वळणावर बसतं.
करड्या दाटीत तीच पेशी,
तिच्या टोकाशी दुसरी,
आणि टेकलेली नाहीच.
मध्ये फट.
वरून चिकटलेल्याच वाटल्या होत्या दोघी.

चिठ्ठीच्या पाठीवर ती लिहिते:
सापडली. तू म्हणालास त्याच्या
जरा डावीकडे.

मग ‘जरा’ खोडून
आकडा घालते.