काळ्याचा हिशेब

तुम्ही आलिकान्तेहून आलात, सेन्योर,
भिंग घेऊन, पांढरे हातमोजे घालून,
आणि म्हणता, या चित्रात काळा रंग कुठेच नाही.
बसा. ती खुर्ची डगमगते, ही घ्या.

मामा पॅरिसहून परतला तेव्हा मी नऊ वर्षांची.
सांता पोलाच्या मिठागरांवर दुपार अशी चढलेली
की गाढवंसुद्धा डोळे मिटून चालत.
त्याच्या पेटीत शिशाच्या नळ्या, मी मोजल्या, अकरा.
काळी नव्हती.
"ती पुलावरून नदीत टाकली," म्हणाला,
दारू सोडल्याचं सांगावं तसं.
"सावली काळी नसते, कासिल्दा. नीट बघ."

मी बघितलं.
मिठाच्या ढिगाची सावली खरंच निळी होती,
आणि ढीग पांढरा नव्हता:
एका अंगानं जर्दाळू, दुसऱ्या अंगानं
दुधावर धरलेल्या सायीसारखा.
बाजारात मी गिऱ्हाईकाला "गुलाबी मीठ" म्हणाले
आणि आईच्या दोन थपडा खाल्ल्या.
मला अजून मीठ पांढरं दिसत नाही.

पण आजी.

ओब्दुलिया रिपोल्. चोविसाव्या वर्षी
नवऱ्याची होडी परतली, नवरा नाही.
तेव्हापासून काळा झगा, काळी शाल, काळे मोजे,
भर ऑगस्टातही.
कापड विटून तपकिरी झालं की लोखंडी कढईत
गंजके खिळे आणि डाळिंबाची सालं टाकून
पुन्हा उकळायची.
नखांत तो रंग. पावावर तिच्या बोटांचे ठसे.

मामानं तिला बांधावर उभं केलं.
सात सकाळी. नऊ ते साडेनऊ,
मग उजेड हलला म्हणून तो ब्रश खाली ठेवी,
आणि ती म्हणे, "एवढ्यात दमलास?"
शालीवर त्यानं निळा ठेवला, निळ्याला खेटून जांभळा,
चुणीत बाटलीच्या काचेचा हिरवा.
लांबून बघावं तर काळं;
जवळ जावं तर बाई विरघळून जाई
आणि नुसती सकाळ उरे.

आठव्या दिवशी आजीनं चित्र पाहिलं,
ओले हात झग्याला पुसत, बराच वेळ.
"छान आहे," म्हणाली. "कोण ही?
हिचं कुणी गेलेलं दिसत नाही."

मामा भडकला. प्रकाशाबद्दल बोलला,
डोळ्याच्या पडद्याबद्दल, पॅरिसात ज्यांना लोक हसले
आणि तरी जे नदीकाठी उभे राहिले त्यांच्याबद्दल.
तुम्ही मघाशी म्हणालात तो शब्द, दृक्प्रत्ययवाद,
तोही बहुधा तेव्हाच या घरात आला
आणि शेंगा सोलणाऱ्या बाईच्या मांडीवर पडला.
तिनं तो सालांबरोबर बाजूला केला.
"तुझं बघणं खरं असेल, एलादिओ.
पण हा रंग मी बघत नाही रे.
अंगावर घालते."

त्यानंतर एकोणीस वर्षं त्यानं
जाळी, टरबुजं, पोहणारी पोरं, भिंतीवरचं ऊन रंगवलं.
थोडी विकली गेली.
आजीला पुन्हा नाही.

ती गेली त्या दिवशी
मी अंगणात कढई चढवली, घरच्या सगळ्यांचे कपडे घेऊन.
मामा आला. काम करताना घालायचा तो
तागाचा कोट काढला,
काही न बोलता आत ढकलला.
मी काठीनं तासभर ढवळत होते.
बाहेर काढला तर कापड काळंभोर,
पण तेलरंगाचे जुने थेंब रंग घेईनात:
बाहीवर निळा, कोपरावर जांभळा,
खिशापाशी तो बाटलीचा हिरवा, सगळे जागच्या जागी.
त्यानं तो ओलाच घातला.
मिरवणुकीत त्याच्या मनगटांवरून काळं पाणी ओघळत होतं,
आणि पाद्री थेंबांकडे बघत राहिला.

चित्र न्या, सेन्योर. कागदावर सही कुठे करू?
काळा रंग नाही असं लिहिलंत, ते बरोबरच आहे.
जाताना दार तेवढं ओढून घ्या.
कोट त्याच्याच मागे आहे, खिळ्यावर.
हात लावायचा असेल
तर ते मोजे काढा.