एकतीस

गुरुवारी पावणेचारला मी हॉलचं कुलूप काढते.
आधी हीटर. तो खोकतो, विचार करतो, मग पेटतो.
मग टेबलं, एकीच्या पायाखाली
जुन्या जत्रेचं पत्रक, चार घड्या घालून.
रंग उडालेले बारा पट, डब्यांतून सोंगट्या,
आणि टोस्टसाठी तीन पाव.
निम्मी मुलं टोस्टसाठी येतात,
हे मी अनुदानाच्या अर्जात लिहिलेलं नाही.
अर्जात एकाग्रता लिहिली. आत्मविश्वास लिहिला.

चारला दार आपटतं.
ग्रिम्झबीत नोव्हेंबरात चारलाच दिवे लागतात.
गोदीकडून वारा सुटला की कोटांना मासळीचा वास,
कुणी नाक मुरडत नाही;
प्रत्येकाच्या घरचं कुणीतरी
फिश-फॅक्टरीत पट्ट्यापाशी उभं असतं.

पहिल्या वर्षी माझी जीभ घसरायची.
"उंट तिरका जातो," म्हटलं, तर टेगन म्हणाली,
"मिस, उंट कुठाय? हा बिशप."
मी म्हटलं, आमच्याकडे उंट.
हा किल्ला नाही, हत्ती. आणि ही राणी नाहीच,
हा वजीर, कारभार बघणारा.
ब्रोनेक म्हणाला, आमच्या पोलिशमध्ये तुमचा उंट निरोप्या.
क्लाइव्ह, किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावलेला,
दारातून म्हणाला,
"बिशपसाहेबांना उंट म्हणालात हे कळू देऊ नका,
हॉलचं भाडं वाढवतील."
टेगन अजून चाल करताना पुटपुटते:
ऊंट, ऊंट.

कोल्बीचं सांगायलाच हवं.
नऊ वर्षांचा. हरायला लागला की पट उलथायचा.
तिसऱ्यांदा उलथला तेव्हा मी ओरडले नाही,
म्हटलं, लाव परत. होता तस्सा.
त्यानं लावला.
सगळं जागच्या जागी, माझं कडेचं प्यादंसुद्धा,
जे कुठे होतं ते मीच विसरले होते.
बावीस वर्षं औषधांच्या दुकानात गोळ्या मोजलेली बाई मी,
मोजणं वेगळं आणि ध्यानात असणं वेगळं,
एवढं मला कळतं.

त्याची आई सगळ्यांत शेवटी यायची,
पाळी संपवून, सव्वासहा, कधी साडेसहा,
केसांवर जाळी तशीच.
क्लाइव्ह किल्ल्या वाजवायचा. आम्ही खेळत राहायचो.
डाव संपायचा नाही; मी एका पाकिटाच्या मागे
सोंगट्यांच्या जागा टिपून घ्यायची,
पुढच्या गुरुवारी तिथून पुढे.
असे पाच गुरुवार, एकच डाव.
त्याचं पांढरं प्यादं पटाच्या टोकाला पोचलेलं,
वजीर व्हायला एकच घर,
आणि त्या घरात माझा काळा हत्ती, ठाण मांडून.
"हलवा ना त्याला, मिस."
मी कशाला हलवू?

फेब्रुवारीत तो आला नाही.
दुसऱ्या गुरुवारीही नाही.
शाळेच्या बाई दाराबाहेर नेऊन हळू आवाजात म्हणाल्या,
घर बदललं. आई आणि तो. रातोरात.
कुठे, ते विचारू नका.

त्या संध्याकाळी आमचा डबा उघडला तर एकतीस.
पुन्हा मोजल्या, सवयीनं. एकतीस.
टेबलाखाली पाहिलं, हीटरमागे पाहिलं,
क्लाइव्हनं गुडघे धरत पियानोखाली टॉर्च मारला.
प्यादी होती सगळी. वजीर होते.
काळा हत्ती एकच.

आता त्या डब्यात हत्तीच्या जागी
मिठाची छोटी बाटली आहे.
नवीन मुलं विचारतात, "मिस, मीठ कसं जातं?"
सरळ, मी सांगते. उभं नाहीतर आडवं.
मधे कुणी नसेल तर हवं तितकं लांब.

पाकीट पर्समध्येच आहे,
कौन्सिलचं, आत उत्तर द्यायचं राहिलेलं पत्र.
मागे माझ्या अक्षरात आठ आडव्या, आठ उभ्या रेघा,
हत्ती अजून तिथेच काढलेला,
आणि खाली कोपऱ्यात: चाल कोल्बीची.

पावणेसात. हीटर बंद करते.
विझल्यावरही तो थोडा वेळ खोकत राहतो.